इन्स्टॉल झालं, आता रेघ हिरवी करा

आपल्या हॉस्टेलमध्ये सेमिस्टरचे दोनच ऋतू असतात. एक सबमिशनचा आणि दुसरा "कुणाकडे कॅडचा सेटअप आहे का रे?" असं विचारत कॉरिडॉरमधून फिरण्याचा. दुसऱ्या ऋतूत एक पेन ड्राइव्ह पहिल्या मजल्यावरून तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरून मेसमध्ये फिरत असतो. त्यात एक सेटअप, एक 'क्रॅक' नावाचं फोल्डर आणि एक टेक्स्ट फाइल असते. त्या टेक्स्ट फाइलमधली पहिली सूचना असते, "आधी अँटीव्हायरस बंद करा."

ही सूचना मी पाळली होती. थर्ड इयरला, सबमिशनच्या तीन दिवस आधी. सॉफ्टवेअर चालू झालं, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉपवरच्या सगळ्या फाइल्सची नावं बदललेली होती आणि एकही उघडत नव्हती. टर्मवर्कच्या सहा शीट्स त्यात होत्या. मग दोन रात्री जागून, टेबलाच्या काचेखाली दिवा ठेवून, मित्राच्या प्रिंटवरून ग्लास ट्रेसिंग, म्हणजे आपली लाडकी जीटी! कॅड शिकायला निघालेला माणूस थेट आजोबांच्या काळात जाऊन पोचला.

म्हणून या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा ठरवलं की कॅड सॉफ्टवेअर कसं टाकायचं आणि टाकल्यावर पहिल्या संध्याकाळी नेमकं काय करायचं, तेच लिहू. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, कारण माझा मोठा अपघात इन्स्टॉलेशननंतरच झाला. तो पुढे सांगतोच.

आधी 'कुठलं टाकू?' हा प्रश्न. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ ही नावं आपल्याला प्लेसमेंटच्या नोटिसांमुळे पाठ आहेत. त्यातलं ऑटोकॅड १९८२ मध्ये आलं. तोवर कॅड म्हणजे बड्या कंपन्यांच्या महागड्या मशीनवर चालणारी चीज होती. ऑटोकॅडने ती साध्या पर्सनल कॉम्प्युटरवर आणली. आजही ऑटोडेस्ककडून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना ते मोफत मिळतं. कॉलेजचा पुरावा द्यावा लागतो, मुदत एक वर्षाची असते आणि पुढे शिकत असाल तर ती वाढवून मिळते. अट एकच, वापर शिक्षणापुरता. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या शॉपचं ड्रॉइंग त्यावर करून पैसे घ्यायचे नाहीत. इतका सरळ रस्ता असताना आपण पेन ड्राइव्हच्या मागे का धावतो, हे एक कोडंच आहे. बहुतेक फॉर्म भरायचा कंटाळा!

कायद्याचंही दोन ओळीत सांगतो, कारण "शिकायलाच तर वापरतोय, कोण विचारतंय?" हे वाक्य मीही म्हटलं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ६३-बी हे कलम आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही सॉफ्टवेअर वापरलं तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड. वापर धंद्यासाठी किंवा कमाईसाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं, पण तरी पन्नास हजारांपर्यंत दंड उरतोच. मेसचं किती महिन्यांचं बिल होईल ते ज्याचं त्याने काढावं.

व्हायरसचं म्हणाल तर ड्रॉइंगच्या फाइल्सचे खास व्हायरसही असतात. ऑटोकॅडमध्ये लिस्प नावाची छोटी प्रोग्रॅमिंग भाषा आहे. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये 'अकॅड डॉट एलएसपी' नावाची फाइल असली की ऑटोकॅड ती आपणहून चालवायचं. २०१२ मध्ये सापडलेला 'मेड्रे' नावाचा वर्म याच वाटेने शिरायचा आणि माणसाची ड्रॉइंग्ज गुपचूप ईमेलने चीनमधल्या पत्त्यांवर पाठवायचा. त्याचा सगळ्यात जास्त त्रास पेरू देशात झाला. २०१४ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅड अशा फाइल्सबद्दल आधी विचारतं. तेव्हा ड्रॉइंगसोबत फुकट आलेली असली अनोळखी फाइल दिसली तर 'लोड' दाबू नका.

आता माझी निवड. मी फ्रीकॅड वापरतो आणि नवीन माणसाने त्यावरच सुरुवात करावी असं माझं मत आहे. त्याची पहिली आवृत्ती २००२ ची आणि १.० ही आवृत्ती आली नोव्हेंबर २०२४ मध्ये. १.० पर्यंत पोचायला बावीस वर्षं! (कुणाच्या केटी राहिल्या असतील तर त्यांनी धीर धरावा.) ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे मोफत तर आहेच, शिवाय मुदत नाही, लॉगिन नाही आणि त्यावर केलेलं काम विकलं तरी कुणी अडवत नाही. नुसतं 'फुकट' आणि 'मुक्त' यात फरक आहे बरं का. ड्राफ्टसाइट नावाचं चांगलं द्विमितीय सॉफ्टवेअर कित्येक वर्षं फुकट होतं. २०१९ संपताना कंपनीने फुकट आवृत्ती बंद केली आणि लोकांच्या मशीनवर टाकलेलं सॉफ्टवेअर चालेनासं झालं. कंपनीचा तो हक्कच होता म्हणा, पण शिकणाऱ्याची पंचाईत होते.

मोठ्या कंपनीत नोकरीला गेलात तर तिथे कॅटिया किंवा सॉलिडवर्क्स असेल, मान्य. पण बटणं बदलतात, विचार तोच राहतो. स्कूटी शिकलेल्याला ॲक्टिव्हा चालवायला वेगळा क्लास लावावा लागत नाही.

इन्स्टॉलेशन थोडक्यात उरकतो, कारण त्यात फारसं काही नाही. सेटअप फक्त फ्रीकॅडच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या 'फ्री डाउनलोड'वाल्या साइट्सवरून नको. फाइल काही शे एमबीची आहे, तेव्हा हॉस्टेलच्या वाय-फायवर रात्री एकनंतर लावलेली बरी. विंडोजसाठी नेहमीचा इन्स्टॉलर मिळतो. लिनक्सवाल्यांसाठी ॲपइमेज म्हणून एकच फाइल मिळते; तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन चालवण्याची परवानगी दिली की झालं, इन्स्टॉल करायचं कामच नाही. विंडोज ७ अजून जपून ठेवलेल्यांची १.० वर निराशा होईल, कारण तिला लागणारं पायथन त्यावर चालत नाही. रॅम ८ जीबी असेल तर आपल्या प्रोजेक्टपुरतं निभतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मॉडेल दिसायच्या जागी काळी खिडकी दिसली तर बहुतेक वेळा ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असतो, तो अपडेट करा.

आणि एक माउस घ्या. साधा, वायरवाला, मधे चाक असलेला. मॉडेल फिरवणं, सरकवणं, जवळ आणणं हे सगळं मधल्या बटणावर चालतं. टचपॅडवर कॅड करणं म्हणजे बोटात मोजे घालून मोदक वळणं. माउस नसेलच तर सेटिंगमध्ये नेव्हिगेशन स्टाइल बदलून 'टचपॅड' किंवा 'जेश्चर' करा. त्याच सेटिंगमध्ये युनिट्स मिलिमीटरवर आहेत ना तेही बघून ठेवा.

आता तो अपघात.

फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये एक छोटी मोटर बसवायची होती. तिच्याखाली बेस प्लेट हवी होती. १२० बाय ८० ची, ८ मिमी जाड माइल्ड स्टील, चार भोकं एम-८ च्या बोल्टसाठी, म्हणून ९ मिमी व्यासाची, आणि भोकांच्या केंद्रांमधलं अंतर लांबीत ९०, रुंदीत ५०. इतकी साधी गोष्ट की ड्रॉइंग काढायचीसुद्धा गरज नाही असं वाटावं. मी वीस मिनिटांत मॉडेल केलं, डीएक्सएफ फाइल काढली आणि वागळे इस्टेटमधल्या एका लेझर कटिंगवाल्याकडे देऊन आलो. वागळे इस्टेट म्हणजे आपल्या वर्तकनगरपासून रिक्षाने फार तर एका गाण्याइतकं अंतर. १९६२ मध्ये एमआयडीसीची सुरुवात झाली तीच तिथून. आज तिथे आयटीच्या काचेच्या इमारती झाल्या आहेत, पण गल्ल्यांमध्ये अजून लेथ, मिलिंग, शीट मेटलची शॉप्स आहेत, आणि आपल्यासारख्या चार प्लेटा घेऊन येणाऱ्या पोरांना हाकलून न लावणारे काकाही आहेत.

प्लेट आली. मस्त कापलेली. वर्कशॉपमध्ये मोटर ठेवली, तीन बोल्ट गेले, चौथा जाईना. आमच्या वर्कशॉपमधल्या काकांनी व्हर्नियर लावला.

"बाळा, तीन होल जागेवर हायत. चौथं तीन एमेम पळालंय."

"काका, असं कसं होईल? कॉम्प्युटरवर काढलंय!"

"म्हणजे कॉम्प्युटरवरच पळालंय."

आणि खरंच तसंच झालं होतं. मी चार वर्तुळं काढली होती, ती योग्य जागी *दिसत* होती, पण एका वर्तुळाच्या केंद्राला आडवं माप दिलंच नव्हतं. टचपॅडवर चित्र सरकवायला गेलो तेव्हा ते वर्तुळ बोटाला चिकटून तीन मिमी सरकलं असणार. १२० च्या प्लेटमध्ये तीन मिमी डोळ्याला कळत नाही, बोल्टला मात्र लगेच कळतं! कटिंगवाल्याची काही चूक नव्हती, त्याने दिलं तसं कापलं. काकांनी गोल कानस घेऊन ते भोक लांबट केलं. ओरलला एक्स्टर्नलनी बोट ठेवून विचारलं, "हा स्लॉट बेल्टच्या ॲडजस्टमेंटसाठी का?" मी म्हटलं, "हो सर." त्यांनी मान डोलावली आणि मोटर चालू करायला सांगितली. दीड मिनिटात त्याच कोपऱ्यातून मोटर सरकली, बेल्ट उतरला आणि ॲडजस्टमेंटचं पितळ उघडं पडलं.

तर हे टाळायचं कसं, हाच या लेखाचा गाभा आहे. तीच प्लेट पुन्हा काढूया.

फ्रीकॅड उघडल्यावर नवीन फाइल घ्या आणि वरच्या यादीतून 'पार्ट डिझाइन' हा वर्कबेंच निवडा. वर्कबेंच म्हणजे आपल्या वर्कशॉपमधला सेक्शनच समजा. फिटिंगला गेलं की हत्यारं वेगळी, कार्पेंट्रीला गेलं की वेगळी. सुरुवातीला लोक घाबरतात ते यामुळेच, कारण वर्कबेंच बदलला की सगळी बटणंही बदलतात. आधी 'बॉडी' तयार करा, मग 'स्केच', आणि प्रतल विचारलं की एक्स-वाय निवडा. आता एक आयत काढा. मापाची चिंता नको, कसाही काढा, वाकडातिकडा आकार चालेल. इथेच कागदावरचं ड्रॉइंग आणि कॅड वेगळं होतं. कागदावर आपण आधी मोजतो, मग रेघ मारतो. इथे आधी रेघ मारायची आणि मग तिला बांधायचं. या बांधण्याला 'कन्स्ट्रेंट' म्हणतात.

केओएममध्ये आपण डिग्रीज ऑफ फ्रीडम मोजतो ना? अगदी तेच इथे आहे. एका रेघेला दोन टोकं, प्रत्येक टोकाला एक्स आणि वाय, म्हणजे चार स्वातंत्र्यं. चार सुट्या रेघांची सोळा. चारही कोपरे जुळवले की प्रत्येक कोपऱ्यात दोन जातात, उरली आठ. दोन रेघा आडव्या आणि दोन उभ्या केल्या की आणखी चार गेली. एवढं काम आयताचं बटण आपणहून करतं. म्हणून नुकत्याच काढलेल्या आयताची चार स्वातंत्र्यं शिल्लक असतात: लांबी, रुंदी आणि प्रतलावर कुठे बसायचं त्याचे एक्स, वाय. लांबी १२० द्या, रुंदी ८० द्या. उरली दोन. आता समोरासमोरचे दोन कोपरे आणि मधला मूळ बिंदू निवडून 'सिमेट्रिक' दाबा. शून्य! त्याक्षणी सगळ्या रेघा हिरव्या होतात आणि बाजूच्या खिडकीत स्केच पूर्ण बांधलं गेल्याचं लिहून येतं. (थीम बदललेली असेल तर रंग वेगळा दिसू शकतो, पण लिहिलेलं वाक्य बदलत नाही.) ती हिरवी रेघ मी त्या दिवशी पाहिलीच नव्हती. ती हिरवी व्हायला हवी हेच माहीत नव्हतं.

भोकांसाठी युक्ती अशी. मूळ बिंदूभोवती आणखी एक आयत काढा, ९० बाय ५० चा, तसाच सिमेट्रिक, आणि त्याला 'कन्स्ट्रक्शन' करा. म्हणजे ती फक्त मार्किंगची रेघ, कापायची नाही. काका प्लेटवर मार्किंगची निळी शाई लावून स्क्राइबरने जी रेघ ओढतात, तीच ही. मग चार वर्तुळं. प्रत्येक वर्तुळाची स्वातंत्र्यं तीन: केंद्राचे एक्स, वाय आणि त्रिज्या. चार वर्तुळांची बारा. चारही केंद्रं आयताच्या चार कोपऱ्यांना जुळवली की आठ गेली. चारही वर्तुळं 'इक्वल' केली की आणखी तीन. एका वर्तुळाला व्यास ९ दिला की शेवटचं एक. माझ्या फाइलमध्ये हेच एखादं शिल्लक राहिलं असतं तर समोर लिहिलेलं दिसलं असतं: 'एक डिग्री ऑफ फ्रीडम'. बघायचं कष्ट घेतलं असतं तर!

स्केच बंद करून 'पॅड' दाबा, ८ मिमी द्या, प्लेट तयार. आतली वर्तुळं आपोआप भोकं होतात. मोटर बदलली आणि पिच ९० ऐवजी १०० हवा झाला तर स्केच पुन्हा उघडून एक आकडा बदला, चारही भोकं मिळून सरकतात. कोपऱ्यांना गोलाई द्यायची असेल तर 'फिलेट' सगळ्यात शेवटी. फ्रीकॅडच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये मागचं माप बदललं की पुढची फिलेट भलत्याच कडेला जाऊन चिकटायची किंवा मॉडेलच मोडायचं. १.० मध्ये हा दोष बराच कमी केला आहे, पण सवय चांगली आहे, ठेवा.

गंमत म्हणजे ही बांधण्याची कल्पना काही नवी नाही. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने पीएचडीसाठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम केला. पडद्यावर लाइट पेनने रेघ मारायची आणि 'या दोन समांतर', 'या दोन सारख्या' असं सांगायचं की मशीन तसं करून दाखवायचं. म्हणजे ऑटोकॅडच्या एकोणीस वर्षं आधी कन्स्ट्रेंट होते! यंत्रांच्या पार्ट्ससाठी हा विचार रुळला तो १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या प्रो-इंजिनिअरमुळे, म्हणजे आजच्या क्रिओच्या वडिलांमुळे. आपण मात्र अजून कॅडला 'ड्रॉइंग काढायचं मशीन' समजतो. माझ्या मते दोष अभ्यासक्रमाचाही आहे. फर्स्ट इयरला आयसोमेट्रिकच्या शीट्स होतात, पण 'तुझ्या ड्रॉइंगमध्ये काय अजून मोकळं आहे?' हे ओरलला कुणी विचारत नाही. सरांनी राग मानू नये.

फाइल बाहेर देण्याआधी मी आता तीन गोष्टी करतो. पहिली, आयतन. या प्लेटचं हाताने काढलेलं आयतन भोकं वजा जाता ७४,७६४ घन मिमी येतं. फ्रीकॅडच्या पायथन कन्सोलला विचारलं की तोच आकडा यायला हवा. स्टीलची घनता ७.८५ धरली तर वजन साधारण ५८७ ग्रॅम. प्लेट हातात आल्यावर मेसच्या काट्यावर ठेवून बघा. महाराज हसतात, पण काटा देतात. मात्र लक्षात घ्या, माझं पळालेलं भोक या परीक्षेत पास झालं असतं, कारण भोक सरकल्याने वजन बदलत नाही. त्याच्यावर इलाज हिरवी रेघच.

दुसरी, डीएक्सएफ परत उघडणं. ही फाइल लिब्रेकॅडसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि लांब बाजू मोजा. १२० ऐवजी ४.७२ आली तर कुठेतरी इंच घुसले आहेत. कटिंगवाल्याला तोंडीसुद्धा सांगा, "एमेममध्ये आहे, बाहेरची लांबी एकशेवीस." डीडब्ल्यूजी मागितली तर सांगा की डीएक्सएफ चालते, फ्रीकॅडला डीडब्ल्यूजीसाठी वेगळा कन्व्हर्टर जोडावा लागतो. त्रिमितीय मॉडेल द्यायचं असेल तर स्टेप फाइल, ती सगळीकडे उघडते.

तिसरी, प्रिंट. 'टेकड्रॉ' वर्कबेंचमध्ये व्ह्यू लावताना फर्स्ट अँगल आहे का बघा, कारण बीआयएसचं एसपी-४६ आपल्याला तेच सांगतं. झेरॉक्सवाल्याला 'फिट टू पेज' करू देऊ नका, 'ॲक्च्युअल साइज' म्हणा, आणि कागदावर पट्टी ठेवून ९० चा पिच मोजा. दोन मिनिटांचं काम आहे.

फाइल खराब झाली तर लगेच रडू नका. त्याच फोल्डरमध्ये 'एफसीबॅक' शेवट असलेली एक फाइल असते, ती आधीच्या सेव्हची प्रत. नाव बदलून नेहमीचं 'एफसीएसटीडी' केलं की उघडते. हे मला थर्ड इयरला माहीत असतं तर... नाही, तेव्हा तीही गेली असती. म्हणून एक प्रत रोज ईमेलवर.

पुढे शिकायला मुलुंड-भांडुप ओलांडलं की पवई आहेच. आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर यावं म्हणून काम करतो. सिव्हिलवाल्यांनी त्यांचं 'ओसडॅग' जरूर बघावं. आयएस ८०० प्रमाणे स्टीलचे जॉइंट डिझाइन करून ते त्रिमितीय मॉडेलही दाखवतं, आणि तेही मोफत. तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये लिनक्स, सायलॅब वगैरेंचे धडे मराठी आवाजातही आहेत. गावाकडून आलेल्या, इंग्रजी व्हिडिओ तीनदा रिवाइंड करणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांना त्यांचा उपयोग होईल. मला झाला.

ती तीन मिमी चुकलेली प्लेट माझ्या खोलीत टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. ज्युनिअर्सपैकी कुणाला सुरुवात करायची असेल तर शनिवारी रात्री मेसनंतर लॅपटॉप आणि माउस घेऊन या. पेन ड्राइव्ह नको, सेटअप आपण साइटवरूनच लावू. आधी हीच प्लेट काढायची आणि चौथं भोक माउसने ओढून बघायचं. हललं तर पुन्हा स्केच उघडायचं.